धाकटीचा ओ

मंगळवार, ९ एप्रिल. पहाटेपासून उकडतंय, वारा अजिबात नाही. टाकी भरून घेतली. मागच्या खोलीतल्या दोघींपैकी धाकटीला रात्रीपासून ताप. थोरली एकटीच कामावर गेली. जाताना म्हणाली, "बाई, अधूनमधून तिला पाणी विचारा." न्याहारीनंतर तांब्या घेऊन गेले तर खाट रिकामी. पांघरुणाची नीट घडी. चपला दारातच, घाईत विसरली असेल. बरं वाटून कामावर गेली असं धरून परत आले. चादरी भिजत घातल्या.

घरमालकिणीच्या डायरीतली ही नोंद. खाट रिकामी असल्याचं थोरलीला माहीत नव्हतं. ती तेव्हा सहा नंबरच्या हाउसमध्ये टोमॅटोच्या ओळीत उभी होती, आणि तिच्या हिशेबानं तिची जाऊ खोलीत, कपाळावर ओलं फडकं घेऊन, ताप उतरायची वाट बघत पडली होती.

थोरली म्हणजे दोघी जावांतली मोठी. तिचं खरं नाव कागदांवर होतं, कागद मुकादमाच्या कपाटात होते आणि कपाटाची किल्ली त्याच्या कमरेला. त्यामुळे हंगाम संपेपर्यंत ती नुसती थोरली. "माहेरचं नाव लग्नात गेलं, सासरचं कपाटात गेलं," ती म्हणायची, "आता हा मेला थोरली म्हणायचा थांबला, तर मला स्वतःला हाक मारायचीसुद्धा पंचाईत." अंगानं आडवी, आवाजानं भसाडी आणि नकला करण्यात पटाईत. सासूची नक्कल ती सासूच्या तोंडावर करायची आणि सासू हसू दाबत हातातलं फडकं तिच्या अंगावर फेकायची.

पिकामागून फिरण्यात तिचं अर्धं आयुष्य गेलं होतं. आधी कांद्याच्या काढणीला, मग द्राक्षांच्या छाटणीला, मग गुलाबाच्या शेडमध्ये. तिथे काट्यांनी जितकी बोटं फाटली नाहीत तितकी शीतखोलीच्या गारठ्यानं फाटली. आता काही वर्षं टोमॅटो. मैलभर पसरलेली प्लास्टिकची पांढरी घरं, प्रत्येकाच्या दारावर नंबर, आणि सगळ्यांना एकच नाव: हाउस. तिथे पिकलेलं तिथे कोणी खात नसे. जहाजाचा टोमॅटो हिरवट तोडायचा, विमानाचा गुलाबी. "जहाजाचा अजून शाळेत जाणारा हवा, विमानाचा नुकता लाजायला लागलेला," असं ती नव्या बायांना शिकवायची, "आणि लाल झाला की तो आपल्यासारखा, इथेच राहायचा." तिकडे दूर कुठल्याशा दुकानात फळी रिकामी झाली की इथे मुकादमाचा फोन वाजायचा, आणि फोन वाजला की बायांचे हात वेगानं हलायला लागायचे. मधलं कोणाला काही दिसत नसे. खोक्यांवर एक हसरी बाई छापलेली असे, पांढरीशुभ्र टोपी घातलेली, हातात टोमॅटो. पहिल्या दिवशी धाकटीनं विचारलं होतं, "जाऊबाई, ही कोण?"

"आपणच की," थोरली म्हणाली होती, "आंघोळ झाल्यावर."

धाकटीचा हा पहिलाच हंगाम. दोघींचे नवरे, सख्खे भाऊ, बंदरावर माल चढवायला गेलेले, पोरं सासूजवळ. सासू धाकटीला सोडायला तयार नव्हती. पोर नाजूक आहे, एका जागी उभी राहिली तरी तिला घाम फुटतो, असं तिचं म्हणणं. तेव्हा थोरली मध्ये पडली. "जशी नेते तशी आणून उभी करते तुमच्यापुढे," असं ती सासूचा हात धरून बोलली होती. हा शब्द देताना तिला काही जड गेलं नव्हतं. जड जायला लागलं ते इथे आल्यावर, धाकटीच्या नावावर एकामागून एक खाडे पडले तेव्हा. तिसरा खाडा पडला की कागद हातात आणि परतीची गाडी. आजारी पडलं तरी तो खाडाच. आणि आजार लपवून कामावर आलं तर त्याहून वाईट, कारण खरेदी करणाऱ्या कंपनीचा नियम होता की आजारी हात फळाला लागता कामा नये. शेडच्या भिंतीवर तसं चित्रच होतं: खोकणारा माणूस आणि त्याच्यावर लाल फुली. थोडक्यात, आजारी माणसानं आतही असायचं नाही आणि बाहेरही.

धाकटीचे दोन खाडे पडून झाले होते.

आणि तापही काही आभाळातून पडला नव्हता. सात नंबरच्या हाउसमध्ये फवारणी झाली होती. फवारणी झाली की दाराला लाल फडकं बांधतात आणि वास जाईपर्यंत आत कोणी जायचं नसतं. पण सोमवारी विमानाच्या मालाचा फोन आला. मुकादमानं स्वतःच्या हातानं फडकं सोडलं, बायांना आत घातलं, आणि ठरलेले क्रेट भरल्यावर पुन्हा बांधलं, जणू मध्ये काही झालंच नाही. धाकटीची ओळ अर्धी राहिली होती. संध्याकाळी ती खोलीत आली ती डोळे चोळत, आणि पहाटे तिचं अंग तव्यासारखं झालेलं.

"उठते मी," ती म्हणत होती. "माझी ओळ राहिलीय."

"पडून राहा. आज तुझा ओ मी देते."

"तुझा भसाडा ओ त्याला कळेल."

थोरलीनं घसा साफ केला आणि धाकटीच्या आवाजात, शेवट जरासा वर ओढून, "ओऽ" दिला. इतका हुबेहूब की धाकटी हसली आणि हसता हसता तिला खोकला आला.

"आणि जाऊबाई, भोंगा इथपर्यंत ऐकू येतो. माझं नाव पुकारलं आणि माझ्या तोंडून निघालं तर?"

"तर तोंडावर हात धर. आज तुझ्याकडे ओ नाहीच असं समज. तो मी घेऊन चाललेय." असं म्हणून थोरलीनं गमतीनं तिच्या गळ्यापाशी चिमूट धरली आणि चिमटीतलं काहीतरी स्वतःच्या कनवटीला खोचल्यासारखं केलं. धाकटी मात्र यावर हसली नाही. गळ्याला हात लावून नुसती बघत राहिली.

तिथल्या हजेरीची एक तऱ्हा होती. पूर्वी म्हणे बायांना बाहेर बोलावून रांगेत उभं करत. पण त्यात वेळ जातो, क्रेट कमी भरतात, म्हणून ते बंद झालं. आता मुकादम हाउसांच्या मधल्या वाटेवर उभा राहून भोंग्यातून हाक मारायचा आणि जी जिथे असेल तिनं तिथूनच, हातातलं काम न सोडता, ओ द्यायचा. तो आत येत नसे. आतल्या उकाड्यात त्याला घेरी यायची. बाहेरून त्याला दिसायचे ते प्लास्टिकवरचे करडे डाग. डाग हलतोय आणि ओ येतोय, म्हणजे बाई हजर.

जिथे तोंड बघायचंच नाही, तिथे तोंडांची अदलाबदल व्हायला कितीसा वेळ लागणार? एखादीला चक्कर यायची, एखादी कंबर धरून पडलेली असायची. तिच्या वाट्याचा ओ दुसरी द्यायची. यात बायांनीच एक कडक शिस्त पाडून घेतली होती. ओ कुठून आला हे बघायला मान वळवायची नाही. एकीची मान वळली तर मुकादमाचीही वळेल. आणि कोणी दिला हे नंतर विचारायचं नाही. विचारलंच तर कोणी कबूल व्हायचं नाही.

सकाळच्या हजेरीला सगळं बिनबोभाट झालं.

"थोरली!"

"ओ!"

"धाकटी!"

थोरलीनं तोंड वेलीत खुपसलं आणि दिला. "ओऽ."

"आज धाकटीचा आवाज भलताच खुललाय," भोंगा म्हणाला. "नवऱ्याचा फोन आला वाटतं!" बाया हसल्या. थोरली सगळ्यात मोठ्यानं हसली.

मग ऊन चढलं. हाउसमध्ये उन्हाला दिशा नसते. ते प्लास्टिकमधून सगळीकडून सारखंच झिरपतं, त्यामुळे कशाचीच सावली पडत नाही, माणसाचीसुद्धा. वाफेचे थेंब छतावर जमतात आणि मानेवर पडतात, गार नव्हे, कोमट. त्या दिवशी वारा नव्हता, तरी प्लास्टिक मधूनच फुगायचं आणि बसायचं, झोपलेल्या जनावराच्या पोटासारखं. थोरलीची ओळ शेवटची, सात नंबरला लागून. मध्ये नुसती प्लास्टिकची भिंत. त्या भिंतीवर तिला एक करडा डाग दिसत होता. ती पुढे सरकली की तो पुढे सरकायचा, ती थांबली की थांबायचा. माझीच पडछाया, असं तिनं मनाशी म्हटलं. बऱ्याच वेळानं तिच्या लक्षात आलं की इथे सावली पडत नाही.

तिनं हात वर केला. डागानं केला नाही. तो खाली वाकला, उठला, आणि सावकाश पुढे गेला. पाण्याच्या पाइपावर काही टांगलेलं असेल, हलत असेल. थोरलीनं क्रेट ओढला आणि भिंतीकडे पाठ करून तोडायला लागली.

दुपारची हजेरी झाली.

"थोरली!"

"ओ!"

"धाकटी!"

थोरलीनं श्वास घेतला. ओठ गोल केले. आणि तिच्या तोंडून काही निघायच्या आधीच, "ओऽ."

धाकटीचाच. शेवट वर ओढलेला. थोरलीच्या हातातला टोमॅटो सुटून पायावर पडला. मान वळवायची नाही, म्हणून तिनं वळवली नाही. कोणीतरी आपला भार हलका केला, असं म्हणून तिनं मनातल्या मनात तिला आशीर्वाद दिला. तरी दंडावर काटा आला होता, आणि एवढ्या उकाड्यात तो बराच वेळ बसेना.

पाणी प्यायला सगळ्या टाकीपाशी जमल्या तेव्हा तिनं चष्मेवालीला कोपरानं ढोसलं. चष्मेवाली तिच्या पलीकडच्या ओळीतली. आत वाफेनं तिच्या काचा पांढऱ्या व्हायच्या आणि ती निव्वळ बोटांनी चाचपून तोडायची.

"उपकार झाले बाई तुझे."

"कसले?"

"माझ्या जावेचा ओ."

"मी कशाला देऊ? मला वाटलं तूच दिलास. काय नक्कल करतेस गं, अगदी तिचा गळा."

"मी नाही दिला."

"हो का!" चष्मेवालीनं पदरानं काचा पुसल्या आणि डोळा मारला. "मग मीही नाही दिला." आणि बाकीच्यांकडे वळून म्हणाली, "काय गं बयांनो, कोणी दिला का?" सगळ्यांनी "आम्ही नाही बाई" म्हणून माना हलवल्या, आणि सगळ्या हसल्या. कबूल कोणी व्हायचंच नसतं. थोरलीही हसली. पण तिच्या डोक्यात एक गोष्ट घर करून बसली. नक्कल करणारी या सगळ्यांत ती एकटीच होती.

खोली काही लांब नव्हती. बांधावरून पळत गेलं असतं तर पाणी पिऊन होईपर्यंत बघून येता आलं असतं. तिनं एक पाऊल टाकलंही. तेवढ्यात भोंगा खरखरला. "जागा सोडायची नाही! तपासणीवाल्या मॅडम आल्यात. टोप्या घाला, तोंडं पुसा, आणि विचारल्याशिवाय बोलायचं नाही." आज कोणी गैरहजर सापडली तर सगळ्या टोळीचा पुढचा हंगाम गेला, हे त्यानं सकाळीच बजावलं होतं. थोरलीनं पाऊल मागे घेतलं. धाकटी झोपली असेल, बाई पाणी देत असतील. ती पुन्हा ओळीत शिरली. भिंतीवरचा डाग आता हलत नव्हता. तो खाली बसल्यासारखा, जमिनीलगत दिसत होता.

मॅडम तरुण होत्या. कंपनीनं शहरातून पाठवलेल्या, पांढरी टोपी, अगदी खोक्यावरच्या बाईसारखी. त्यांनी सगळ्यांना सहा नंबरच्या दारापाशी बोलावलं आणि गोड आवाजात विचारलं.

"पाणी मिळतं ना?"

"मिळतं."

"फवारणीच्या वेळी बाहेर ठेवतात ना?"

मुकादम बायांकडे बघत होता. "ठेवतात," बाया एका सुरात म्हणाल्या.

"आज कोणी आजारी आहे?"

"नाही," बाया म्हणाल्या. थोरलीही म्हणाली. तिचा आवाज बाकीच्यांच्या आवाजात मिसळून गेला.

"छान. आता नेहमीची हजेरी कशी घेता ते दाखवा."

मुकादमानं बायांना पुन्हा ओळींत पिटाळलं. भोंग्यात फुंकर मारली आणि सुरुवात केली. एकेक नाव, एकेक ओ.

"थोरली!"

"ओ!"

"धाकटी!"

थोरली गप्प राहिली. ठरवून गप्प राहिली. देणारीला देऊ दे म्हणून.

"ओऽ."

या वेळी तो दमलेला होता. तळाशी गेलेल्या बादलीसारखा खोलातून आलेला. आणि सगळ्या बाया वेलींकडे तोंड करून उभ्या होत्या, आपापल्या फळाकडे बघत, शिस्तीत. मान वळवली ती फक्त मॅडमनी. त्यांना ही शिस्त कोणी शिकवली नव्हती. त्यांनी सरळ सात नंबरकडे बोट दाखवलं.

"तिकडेही बाया आहेत?"

"नाही नाही. ते बंद आहे, फवारलेलं. आवाज घुमतो मॅडम, प्लास्टिक आहे."

"पण आवाज तिथून आला."

"घुमतो."

डाग, अर्धी राहिलेली ओळ, 'माझं नाव पुकारलं तर' असं विचारणारे तापलेले डोळे, सगळं एकदम तिच्यासमोर येऊन उभं राहिलं. बोललं तर धाकटीचा खाडा, तिचा स्वतःचा खाडा, सगळ्या टोळीचा पुढचा हंगाम. नाही बोललं तर लाल फडकं. ती ओळीतून बाहेर आली. क्रेट पायानं उलटला तो तिनं उचललासुद्धा नाही.

"मॅडम, आत माझी जाऊ आहे."

"थोरले," मुकादम हळूच म्हणाला, "तुझी जाऊ तुझ्या शेजारच्या ओळीत आहे. हजेरी लागलीय तिची."

"लागलीय ती मी लावलीय. सकाळी मीच ओ दिला. ती आजारी आहे. काल तुम्ही फडकं सोडून आत घातलंत तेव्हापासून आजारी आहे."

"अगं मर," चष्मेवाली वेलीआडून पुटपुटली, "सगळ्यांना घेऊन बुडशील." पण दार उघडायला थोरलीपाठोपाठ पहिली धावली तीच.

फडक्याची गाठ समोरच्या दाराला तशीच होती. पण मागच्या बाजूचं प्लास्टिक जमिनीपाशी उचकटलेलं होतं, एका बाईला सरपटत जाता येईल एवढं. आत डोळ्यांत झोंबणारा वास. धाकटी तिच्या अर्ध्या राहिलेल्या ओळीच्या टोकाला, प्लास्टिकच्या भिंतीला टेकून बसली होती, अनवाणी. ओळ पुरी झालेली होती. तोडलेले टोमॅटो तिनं वाफ्याच्या कडेनं लावून ठेवले होते, देठ वर, सगळे गुलाबी, एकही डाग नसलेले. विमानाचा माल. डोळे अर्धे उघडे, ओठ फुटलेले, जीभ सुजून दातांच्या बाहेर आलेली.

"श्वास आहे," थोरली ओरडली. "पाणी आणा!"

मुकादम दारातच थांबला होता, आत येईना. तिथूनच त्यानं भोंगा तोंडाला लावला. घाबरला की माणूस हातातलं हत्यार वापरतो. "धाकटी!" तो ओरडला. "ए धाकटी! शुद्धीवर ये!"

थोरलीनं तिचं डोकं मांडीवर घेतलेलं होतं. तिचा तळहात धाकटीच्या गळ्यावर होता. गळा हलला नाही. सुजलेली जीभ हलली नाही.

"ओऽ," असा आवाज आला. मागून, सहा नंबरमधून, ज्या ओळींतून त्या सगळ्या आत्ताच बाहेर पडल्या होत्या.

मॅडमनी पुन्हा मान वळवली. बायांनीही वळवली. सहा नंबरमध्ये कोणी नव्हतं. भिंतीपलीकडे नुसत्या वेली, आणि उलटलेला क्रेट.

"ते बंद कर," थोरली मुकादमाला म्हणाली. "तो भोंगा बंद कर आधी."

मॅडमच्या गाडीतून धाकटीला दवाखान्यात नेलं. रात्रभर सलाईन चढलं. सकाळी नर्सनं तिची जीभ तपासली आणि थोरलीला विचारलं, "ही किती वेळ बेशुद्ध होती?"

"काल दुपारपर्यंत बोलत होती की. ओ देत होती."

"या जिभेनं?" नर्स म्हणाली. "उगाच काहीतरी. घसा आतून पार सुजलाय. हिच्या तोंडून काल सकाळपासून शब्द फुटला नसणार. दोन-चार दिवसांत येईल आवाज, घाबरू नका." आणि पुढच्या खाटेकडे गेली.

त्या दिवशी दुपारी दोघी खोलीवर परतल्या. मुकादम स्वतः कागद घेऊन आला होता. दारातच उभा राहून त्यानं पाकीट पुढे केलं. "वरून सांगितलंय. तुम्ही दोघी उद्याच्या गाडीनं निघा. मॅडम म्हणाल्या, हजेरीत गडबड करणारी माणसं नकोत."

"आणि फडक्याची गडबड?"

"कसलं फडकं?" मुकादम म्हणाला. पण त्याची नजर धाकटीच्या गळ्यावर होती, आणि तो फार वेळ थांबला नाही.

थोरलीनं पाकीट उघडून बघितलं. स्वतःचं नाव वाचताना तिला ते अनोळखी वाटलं, कोणा दुसरीचं घेऊन आल्यासारखं. मग ती सामान बांधायला लागली. धाकटी खाटेवर बसून सगळं बघत होती. ताप उतरला होता. पाणी पीत होती, खुणेनं हवं-नको सांगत होती. थोरलीनं एकदा उगाच, पाठ फिरवून, हाक मारून बघितली. "धाकटे." मागून काही आलं नाही. वळून बघितलं तर धाकटी तिच्याकडे बघत होती, तोंड उघडं, गळ्याला हात.

"येईल गं," थोरली म्हणाली. "नर्स बोललीय ना. घरी गेल्यावर सासूबाईंनी दटावलं की आपोआप येईल." धाकटी हसली. हसण्यालाही आवाज नव्हता. जशी नेली तशी आणून उभी करते म्हटलं होतं. घरच्या दारात सासू हाक मारील, आणि ही अशीच बघत राहील. थोरलीनं गाठोड्याची गाठ सोडली आणि पुन्हा आवळली.

सुटी झाल्यावर चष्मेवाली भेटायला आली. आत बसायला तयार नव्हती. थोरलीला बाहेर न्हाणीपाशी घेऊन गेली.

"टोळी राहिली ना?" थोरलीनं विचारलं.

"राहिली. हंगामाचं तोंड, माणसं कुठून आणणार लगेच." चष्मेवालीनं काचा पुसल्या. कोरड्याच होत्या, तरी पुसल्या. "आज हजेरीला मुकादमानं सवयीनं तुझ्या जावेचं नाव घेतलं."

"मग?"

"ओ आला."

थोरलीनं मागे वळून खोलीच्या दाराकडे बघितलं.

"सगळ्यांना वाटलं कोणीतरी चेष्टा करतंय. मग त्यानं... त्यानं तुझं घेतलं."

"माझं कशाला घेतलं मेल्यानं?"

"बघायला म्हणून असेल." चष्मेवालीचा आवाज खाली आला. "तुझाही आला. तसाच भसाडा. या वेळी आम्ही सगळ्यांनी माना वळवल्या. एकमेकींच्या तोंडाकडे बघत होतो. एकीचंही तोंड उघडं नव्हतं."

"मुकादम काय म्हणाला?"

"म्हणाला, चला, सगळ्या हजर. आणि हजेरी लावली दोघींची."

चष्मेवाली गेली. थोरली न्हाणीच्या कट्ट्यावर बसून राहिली. बांधापलीकडे पांढरी घरं संध्याकाळच्या उजेडात फुगत होती, बसत होती. काम संपलेलं होतं, बाया गेलेल्या होत्या, तरी सहा नंबरच्या प्लास्टिकवर तिला दोन डाग दिसल्यासारखे वाटले, शेजारशेजारच्या ओळींत, सावकाश पुढे सरकणारे. तिनं नजर तिथून काढून घेतली.

"थोरले!" घरमालकिणीनं स्वयंपाकघराच्या दारातून हाक मारली. "अगं थोरले!"

थोरलीनं ओ द्यायला तोंड उघडलं. आणि तसंच मिटलं. निघेल की नाही ते बघायचं धाडस तिला होईना. ती उठली, पदर खोचला आणि चालत पार दारापर्यंत गेली.

"काय गं, हाक मारली तर ओ नाही देता येत?"

थोरलीनं नुसती मान हलवली आणि घरमालकिणीच्या हातातलं ताट घेतलं.

त्या संध्याकाळी घरमालकिणीनं डायरीत लिहिलं: मागची खोली उद्या सकाळी रिकामी होतेय, दोन्ही गाद्यांना ऊन द्यायचं आहे.